दुखण्याचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले, हे आपल्या मंडळाचे धाडसच म्हणायचे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्याख्यान काही मला येत नाही. घरातल्या एका दुखण्याचा हिशेब तेवढा सांगते. तो मी वहीत लिहून ठेवला आहे.

२०१६ साली ऐन रोवणीत मामंजींच्या छातीत कळ आली. गावात दोन दिवस सुई-सलाईन झाले, मग नागपूर गाठले. तिथल्या एका खासगी दवाखान्यात हृदयाची बंद नळी उघडली. बिल १ लाख १० हजार. बैलजोडी ४० हजारांना गेली, माझ्या पाटल्या ३० हजारांना. उरलेले ४० हजार सावकाराकडून आणले, दोन बांध्या गहाण टाकून, महिना शेकडा पाचाने. म्हणजे दरमहा दोन हजार नुसते व्याज! वीस महिन्यांत ते मुदलाएवढे होते, हे त्या वेळी कोणी मांडून पाहिले? २०१४ च्या कायद्याने मुदलाहून अधिक व्याज घेता येत नाही म्हणतात. पण आमच्याजवळ कागद कुठे होता?

शिवाय गाडीभाडे, खानावळ, खोली हे बिलात नसते. वहीत ते १७ हजार निघाले. तेंदूपानांचे सारे पैसे त्यातच गेले.

मनाला लागते ती गोष्ट पुढेच आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ सालीच, पहिल्या आठ जिल्ह्यांबरोबर, आपल्या गडचिरोलीत आली होती. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर दीड लाखापर्यंत उपचार. आमची केशरी पत्रिका घरी पेटीत लुगड्यांखाली होती, आणि हा दवाखाना योजनेत आहे का, हे आम्ही विचारलेसुद्धा नाही. घाबरलेला माणूस विचारत नाही, दाखवतील तिथे सही करतो. आता ती योजना महात्मा फुल्यांच्या नावाने आहे. २०२३ च्या निर्णयाने ती सर्व कुटुंबांना, ५ लाखांपर्यंत लागू झाली. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो. पैसे भरण्याआधी त्याला गाठावे.

कर्ज झाले तशी मी माझी ओटीपोटातली दुखणी लपवू लागले. चार वर्षे लपवली. डॉ. राणी बंग यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या बाया तपासल्या होत्या; ते १९८९ साली छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना आतले आजार होते, आणि आधी तपासून घेतलेल्या अवघ्या आठ! मी त्या ९२ मधलीच. वेळेवर गेले असते तर गोळ्यांवर भागले असते. शेवटी पिशवी काढावी लागली. ती मात्र सरकारी दवाखान्यात. ह्या वेळी पत्रिका माझ्या पदराला बांधली होती.

आपल्या बचत गटातून दुखण्यासाठी वेगळी पेटी काढावी, ही माझी सूचना आहे. घरात विचारा, नाही म्हणतील, तरी काढावी.

मामंजी आज हिंडतात-फिरतात, हे देवाचे देणे. एक बांधी सुटली, दुसरी अजून सावकाराकडेच आहे. यंदा तिच्यात रोवणी चालली होती, तेव्हा मी धुऱ्यावरून गेले. रोवणाऱ्या बाया ओळखीच्याच होत्या. त्यांनी हाक मारली, पण माझ्याने थांबवले नाही.