माझं काय चुकलं?

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आयाबायांनो, मला ‘कुटुंब’ या विषयावर बोला असे सांगण्यात आले. मी मोडलेल्या कुटुंबावर बोलणार आहे, कारण मला तेच जास्त ठाऊक आहे.

माझा संसार सहा वर्षे टिकला. मग एक दिवस घरधनी म्हणाले, मला तुझ्यासोबत राहायचं नाही. मारझोड नाही, दारू नाही, भांडणसुद्धा नाही. मी लेकराला घेऊन वरोऱ्याला माहेरी आले. भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच विचारायची, “काऊन वं, तुयं काय चुकलं?” मीही रात्र रात्र तेच शोधत बसायची. वरणात मीठ कमी पडलं का? सासूबाईंना उलट बोलले का? चूक सापडली की दुरुस्त करीन आणि ते न्यायला येतील, असा माझा हिशेब. संध्याकाळी गाडीची शिट्टी ऐकू आली की हातातलं काम टाकून दारात उभी राहायची.

पुढे एका वर्षावासात विहारात थेरीगाथेचे वाचन झाले. त्यात इसिदासी नावाच्या थेरीची हकिगत आहे. उज्जैनच्या सधन व्यापाऱ्याची लेक, साकेतला दिलेली. सासू-सासऱ्यांची सेवा केली, नवऱ्याला जपलं. तरी तो आईबापांना म्हणाला, मी हिच्यासोबत एका घरात राहणार नाही. त्यांनी विचारलं, हिनं तुझं काय वाईट केलं? तो म्हणाला, काहीच नाही, पण मला ती नको. बापानं दुसरीकडे दिली, तिथून महिनाभरात परत आली. तिसरा तर भिक्षा मागून फिरणारा. त्याला बापानं घरीच ठेवून घेतलं, तर पंधरवड्यात तोही आपलं फडकं-भांडं मागून निघून गेला. मग जिनदत्ता नावाची भिक्खुणी दारी आली. इसिदासीने तिला आसन दिलं, जेवू घातलं आणि प्रव्रज्या मागितली.

गाथेत पुढे मागच्या जन्मींच्या कर्माचं कारण दिलं आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये हा विचार मानलेला नाही, म्हणून मीही ते बाजूला ठेवते. माझ्या कानात राहिलं ते त्या नवऱ्याचं उत्तर. तिची चूक नव्हती, हे तोच सांगतो. मग मी कशाला शोधत बसले होते?

दोष नसताना सोडलेली माणसं पाहायला आपल्याला दूर जायला नको. बाबा आमटे यांनी उभारलेलं आनंदवन आपल्या गावाला लागूनच आहे. कुष्ठरोग झाला म्हणून घरच्यांनी तोडलेली कितीतरी माणसं तिथं आली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, आणि तो आपल्या बौद्धांनाही लागू आहे, कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. औषधांनी रोग बरा होऊ लागला तरी ते कलम तसंच राहिलं. २०१९ साली संसदेनं ते काढलं. आजारालाच कायदा चौसष्ट वर्षे दोष धरत होता! आणि इकडे आनंदवनात त्याच माणसांनी शेती पिकवली, कापड विणलं. कित्येकांची तिथं लग्नं लागली, नवे संसार उभे राहिले. जुन्या घरून बोलावणं येईल म्हणून ते थांबले नाहीत.

हे ऐकून मी लगेच सावरले असं नाही. शिवणकाम धरलं, दोन वर्षं रडत रडतच केलं. मग कोर्टात दोघांच्या संमतीनं घटस्फोट घेतला. ही सोय कायद्यात १९७६ पासून आहे. पोरींनो, स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून मोकळ्या होऊ नका. कोर्टात ती टिकेलच असं नाही. आणि विधी सेवा समितीकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो. लाजू नका, जाऊन विचारा.

त्यानंतरची एक संध्याकाळ आठवते. मी मुलाकडून सतराचा पाढा म्हणून घेत होते. सतरा सत्ते एकशे एकोणीस, इथंच तो दरवेळी अडायचा. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, “गाडी गेली वाटते वं.”

मी विचारलं, “केव्हा?”