छातीत दुखतंय? आधी ईसीजी

छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी रुग्णालयात पोचल्यापासून 10 मिनिटांत निघायला हवा. तो साफ आला म्हणजे हृदयविकाराचा झटका नाही, असं मात्र समजू नये. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं. त्याला वेळ लागतो, म्हणून ही रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करतात.

अशा रुग्णाला किती धोका आहे हे ठरवायला नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी 2008 साली ‘हार्ट स्कोअर’ मांडला. दुखण्याची हकिगत, ईसीजी, वय, मधुमेह-तंबाखूसारखे धोके आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. बेरीज 3पर्यंत असली तर धोका कमी, 7 किंवा अधिक असली तर मोठा. यातली हकिगत फक्त तुम्हीच सांगू शकता. कळ हातात, जबड्यात जाते का? दरदरून घाम सुटला का? बायकांना, मधुमेहींना कधी नुसताच दम लागतो, मळमळतं. पित्त म्हणून सोडा पीत बसू नका, लगेच 108ला फोन करा.