रुग्णसेवा आणि आपले दायित्व

(लोहा येथील कुटुंब मेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



लोह्याहून नांदेडला जाताना विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय लागते. ज्या घरातील कोणीही त्या आवारात उशाला पिशवी घेऊन रात्र काढलेली नाही, असे घर या सभेत विरळाच असेल. ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत तेथे चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. दोन दिवसांत हा आकडा ३१ वर गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठाण्यातील कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत १८ मृत्यू झाले होते. म्हणजे सूचना मिळालेली होती. आपण सारेच ती विसरलो होतो.

पुढे काय झाले हे आपण दूरचित्रवाणीवर पाहिले. एका लोकप्रतिनिधीने रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती शौचालय साफ करण्याचा झाडू दिला. चित्रफीत घरोघरी पोहोचली. मी ज्या व्यवसायात आयुष्य घालवले, त्या वृत्तपत्रांनीही आठवडाभर आकडे मोजले आणि विषय सोडून दिला. राग व्यक्त झाला, परंतु दायित्व कोणाचे, हा प्रश्न मागे राहिला.

मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. अनेक रुग्ण खाजगी रुग्णालयांतून अखेरच्या अवस्थेत आणले गेले होते, असे शासनाचे म्हणणे होते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पैसा संपेपर्यंत रुग्णाला ठेवून घ्यायचे आणि मग ‘सरकारीत हलवा’ म्हणून चिठ्ठी द्यायची, हा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. पण हे अर्धेच सत्य आहे. अखेरच्या अवस्थेतील रुग्णासाठीच तर मोठे रुग्णालय असते! तेथे गर्दी होणार हे वर्षानुवर्षे ठाऊक असेल, तर परिचारिकांच्या रिक्त जागा आणि औषधांची टंचाई यांना दुर्दैव म्हणता येत नाही.

औषधांचेच पाहा. २०१७ साली राज्याची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविण्यात आली. विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि २०२३ साली स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. एक व्यवस्था मोडून दुसरी उभी राहीपर्यंत मधला काळ कोणी भोगला? ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात घेऊन रात्री औषधाच्या दुकानापुढे उभ्या राहणाऱ्या बापाने. माझ्या एका नातलगासाठी अशी चिठ्ठी घेऊन मीही उभा राहिलो आहे. माझ्या खिशात पैसे होते. माझ्या पुढच्या माणसाने मात्र दुकानदाराला विचारले, “यातलं सगळ्यात गरजेचं कोणतं, तेवढंच द्या.” हा निर्णय त्या बापावर यावा, हाच खरा नीतीचा प्रश्न आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. पश्चिम बंगालमध्ये गाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठविले. त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तातडीचे उपचार नाकारणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा भंग आहे आणि पैशाची अडचण ही शासनाला सबब होऊ शकत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील सार्वजनिक खर्च २०२५ पर्यंत सकल उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. ती मुदत उलटून गेली आहे. विम्याचे कार्ड हाती आले ही चांगली गोष्ट. पण कार्ड रात्री दोन वाजता बाळाच्या काचपेटीजवळ जागत बसत नाही. तेथे माणूस लागतो.

माणसे उभी राहिली तर काय होते, याचे दाखले जवळच आहेत. लातूरला १९६६ साली डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. गावातल्या चार यत्ता शिकलेल्या बाईच्या हाताला योग्य शिक्षण मिळाले, तर ते हात बाळ वाचवू शकतात.

येथे आपल्याच मंडळींना एक कटू गोष्ट सांगायची आहे. सेवा हा आपला स्वभाव आहे. आपण रक्त देतो, डबे पोहोचवितो, रुग्णवाहिका चालवितो. परंतु आपल्या सेवेने शासनाचे कर्तव्य झाकले जात असेल, तर ती सेवा अपुरी आहे. डबा देणाऱ्याने औषधाच्या साठ्याची विचारणाही केली पाहिजे; आणि ती सत्तेवर कोण आहे हे न पाहता केली पाहिजे.

माळेगावच्या यात्रेत घोडा घेताना आपण दात मोजतो, चाल पाहतो, दहा जणांना विचारतो. दवाखान्यात मात्र न वाचता कागदावर अंगठा उठवतो. २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ते लावले आहे का, हे येथून जाताना पाहा. सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते. तिची बैठक कधी झाली, हे नम्रपणे विचारा. गावातील प्रत्येक गर्भवतीचे रक्त तपासले गेले का, याची नोंद आशाताईंसोबत बसून ठेवा. आणि एक पथ्य पाळा : रागाच्या भरात डॉक्टरवर हात उचलू नका. त्याच्या वाट्याला आलेली अपुरी माणसे आणि रिकामी कपाटे ही त्याने निर्माण केलेली नाहीत.

ती बारा बालके आपल्याच परिसरातील होती. त्यांना नावे ठेवायचीही सवड मिळाली नाही. पुढचे बाळ विष्णुपुरीला पोहोचण्याआधी आपण जागे झालो, तरच आजच्या या बैठकीला अर्थ आहे.