‘राजीखुशीने’ म्हणजे काय?



खरेदीखत असो, गहाणखत असो की भाडेचिठ्ठी, आपल्याकडील दस्तात एक ओळ ठरलेली असते: हा दस्त आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिला आहे. ज्या गोष्टीचा इन्कार इतक्या आवर्जून करावा लागतो, ती जगात बरीच असली पाहिजे. इंग्रजीत तिला ‘ड्यूरेस’ असे एक नाव आहे. वकिलांच्या बाहेर हा शब्द फारसा ऐकू येत नाही. आज आपण त्याचाच थोडा विचार करू.

लॅटिनमध्ये ‘ड्यूरस’ म्हणजे कठीण. तेथून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. आमच्या ‘सक्ती’चे कुळही असेच आहे. संस्कृत ‘शक्ती’शी तिचे नाते नाही. फार्सीत ‘सख्त’ म्हणजे कठीण. ‘सख्ती’ची सक्ती झाली. दोन दूरच्या भाषांनी जबरदस्तीला एकच गुण चिकटवला, हे पाहून नवल वाटते. पण नवल कसले? जो दाबला जातो त्याला आधी जाणवतो तो कठीणपणाच.

इंग्रजी कायद्यात या शब्दाचा अर्थ प्रथम फार आखूड होता. जिवाला वा देहाला धोका, किंवा कैद, एवढेच त्यात येई. आपल्या १८७२ च्या करार कायद्याने हा शब्द न घेता ‘कोअर्शन’ हा शब्द घेतला आणि कक्षा वाढवली. दंडसंहितेने मना केलेले कृत्य करण्याची धमकी, किंवा दुसऱ्याची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणे, हेही त्यात आले. अशी संमती दिलेला मनुष्य पुढे तो करार रद्द ठरवून घेऊ शकतो. म्हणजे देहापासून मालमत्तेपर्यंत कायदा आला. पोटापर्यंत मात्र आला नव्हता.

आमच्या भाषेला पोटाची सक्ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला. गाव दान देताना ते विष्टीतून मुक्त केल्याचा उल्लेख विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत सापडतो. बाकीच्या गावांचे काय चालत असेल, ते त्यावरून समजावे. पुढे फार्सी ‘बेगार’ येऊन ‘वेठबिगार’ हा जोडशब्द झाला. आज संप झाला की प्रवाशांना वेठीस धरले, असे वर्तमानपत्रे छापतात. पण वेठ म्हणजे खोळंबा नव्हे. वेठ म्हणजे दुसऱ्याचे काम, आणि तेही फुकट.

आणि हे फार दूर घडलेले नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगाव भागात लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा वारली ‘लग्नगडी’ होई, आणि नवराबायको दोघेही त्या कर्जापायी राबत. कर्ज त्याने मागूनच घेतलेले असे; अंगठाही त्याचाच. राजीखुशी यापरती कोणती? १९४५ च्या जानेवारीत येथून जवळच, टिटवाळ्यास, किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी पुढे वारल्यांत काम केले. मे महिन्यात झरी येथे वारली जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्यास झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि इतर वारली प्राणांस मुकले. ‘नाही’ या एका शब्दाची ती किंमत होती.

राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने बेगार मना केली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्जच बुडीत ठरवले. मग १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने मोठे पाऊल टाकले. सक्ती केवळ काठीची वा कायद्याची नसते. दुसरा मार्गच न ठेवणारी भूक व दारिद्र्य हीही सक्तीच होय. म्हणून किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे ही वेठच, असे न्यायालयाने ठरवले. अशा रीतीने कायदा पोटापर्यंत पोचला.

कोणी म्हणेल, परिस्थितीची सक्ती कोणावर नसते? खरे आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याण कॅम्पाच्या लष्करी बराकींत राहिली. १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. घर राजीखुशीने सोडले, असे त्यांतील कोण म्हणेल? पण ओढवलेली आपत्ती निराळी, आणि दुसऱ्याच्या आपत्तीवर आपला करार बेतणे निराळे. पहिलीला धीर लागतो, दुसरीला जाब विचारावा लागतो.

तेव्हा कसोटी साधी आहे. याला ‘नाही’ म्हणता आले असते काय, आणि म्हटले असते तर उद्या चूल पेटली असती काय? अंबरनाथच्या कारखान्यात कोऱ्या कागदावर सही घेतली जात असेल, बदलापूरकडच्या वीटभट्टीवर उचल फिटेपर्यंत कातकरी कुटुंबाला अडकवले जात असेल, तर तेथे ही कसोटी लावावी आणि तहसीलदाराला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. वेठबिगारी मोडणे हे कायद्याने त्यांच्याकडे सोपवलेले काम आहे.

कागदावर ‘राजीखुशीने’ लिहायला कारकून पुरतो. ती खरी असावी यासाठी शेजारी जागा असावा लागतो.