तिच्या वयाएवढे उपचार
(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावर मी पूर्वी दोनदा बोललो, तेव्हा विषय भाषेचा होता. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली, म्हणून तो माझ्या हक्काचा. आज मात्र मी आजोबा म्हणून उभा आहे. माझ्या नातीला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा ती दोन वर्षं चार महिन्यांची होती. डॉक्टर म्हणाले, उपचार साधारण अडीच वर्षं चालतील. म्हणजे पोरीचं आयुष्य जेवढं झालं होतं, जवळजवळ तेवढेच उपचार. या अडीच वर्षांत घराने काय करायचं असतं आणि गावाने काय, एवढंच मला सांगायचं आहे.

सुरुवात अगदी साधी होती. अंगणभर पळणारी पोर ‘कडेवर घ्या’ म्हणू लागली. पाय दुखतात हे सांगण्याइतके शब्द तिच्याजवळ नव्हते. ती नुसती नडगीवर हात ठेवायची. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. आम्ही म्हटलं, दाढा येत असतील. आजीने दृष्ट काढली. मी टॉनिक आणलं. यात तीन आठवडे गेले. मग एक दिवस आंघोळ घालताना सूनबाईला तिच्या पायांवर आणि पाठीवर निळे-काळे डाग दिसले. पोर कुठे पडली नव्हती. रक्ताच्या एका साध्या तपासणीने संशय आला आणि आठवड्याभरात आम्ही मुंबईत होतो.

म्हणून आधी एवढं लक्षात ठेवा. लहान मुलाचा ताप पुन्हापुन्हा येतो, चेहरा पांढरा पडतो, मार न लागता डाग उठतात, मानेत किंवा काखेत गाठी येतात, फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकते, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा कारण किरकोळच निघेल. पण थांबू नका.

रक्ताच्या या कर्करोगात हाडांच्या मगजात अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही. मुलांमधला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच, आणि तो होण्याचं प्रमाण दोन ते पाच या वयात सर्वाधिक असतं. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही. आईच्या हातून काही चुकलं म्हणूनही होत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या सूनबाईला ‘गरोदरपणी ग्रहण पाळलं नसशील’ असं तोंडावर ऐकवणारी माणसं भेटली. त्या रात्री ती जेवली नाही. आजारी लेकराच्या आईला उपाशी झोपवणारं बोलणं आपल्या तोंडून जाऊ नये.

या रोगावर औषध आहे. १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना एक नवं औषध देऊन पाहिलं आणि काही काळापुरता का होईना, रोग मागे हटला. त्या औषधामागे आपल्या भीमावरमचे शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी होते. पुढे सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन मिळालं. आपल्या अंगणात तुळशीशेजारी उगवते तीच ही सदाफुली. आमच्या पोरीला ते इंजेक्शन कित्येकदा दिलं गेलं. हे कळल्यावर एक गृहस्थ सदाफुलीच्या पाल्याचा रस घेऊन घरी आले. भावना चांगली, पण तो रस विषारी असतो. औषध शुद्ध करून, नेमक्या मापाने, थेट शिरेतच द्यावं लागतं.

आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी ऐंशीहून अधिक बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण तिसाच्याही खाली जातं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०३० पर्यंत जगभर निदान साठ टक्के मुलं जगावीत, असं उद्दिष्ट तिने २०१८ मध्ये ठेवलं. एवढा फरक का पडतो? निदान उशिरा होतं, औषधं मिळत नाहीत, आणि कित्येक घरांत उपचार मध्येच सुटतात. मूल बरं दिसू लागतं, पैसे संपतात, बाप थकतो, आई गावाकडच्या लेकरासाठी झुरते आणि पुढची तारीख हुकते. औषध सुटू न देणं हे घराचं काम आहे. ते घर कोसळू न देणं हे आपलं काम आहे.

परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथे देशभरातून माणसं येतात, आणि उपचारांइतकाच मोठा प्रश्न असतो तो राहायचं कुठे याचा. बाहेरच्या पदपथावर चादर अंथरून बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा माणसांना आसरा देते. २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था कर्करोगाच्या मुलांना आईबापांसह मोफत ठेवून घेते. आम्ही पहिले अकरा दिवस बदलापूरला नातेवाइकांकडे होतो. काउंट पडलेले, म्हणजे चांगल्या पांढऱ्या पेशी इतक्या कमी की साधी सर्दी जिवावर यावी, आणि आम्ही लोकलच्या गर्दीत तिला छातीशी धरून उभे. जवळ खोली मिळाली त्या दिवशी माझा मुलगा, तिचा बाप, पहिल्यांदा रडला.

आता एक चूक कबूल करतो. सुरुवातीला आम्ही तिला फसवत होतो. ‘चल, फुगा आणू’ म्हणायचं आणि सुईच्या खोलीत न्यायचं. चार-पाच दिवसांत ती चपला घालू देईना. चप्पल दिसली की किंचाळायची. मग वॉर्डातल्या एका सिस्टरने तिच्या बाहुलीच्या हाताला चिकटपट्टी लावली, रिकामी सिरिंज टेकवली आणि म्हणाली, “आधी हिला, मग तुला.” तेव्हापासून सूनबाई खरं सांगू लागली: “टोचणार आहे. दुखेल. तू माझ्या मांडीवरच असशील.” रडणं थांबलं नाही. पण चपला घालू देऊ लागली. दोन वर्षांच्या मुलाला रोग कळत नाही; आपल्या माणसाचा शब्द खरा की खोटा, हे मात्र नेमकं कळतं.

स्टेरॉइडच्या दिवसांत ती रात्री दोनला उठून वरणभात मागायची. गाल फुगले, केस गेले, चिडचिड वाढली. सूनबाई उठायची आणि कुकर लावायची. मेंटेनन्सचे, म्हणजे रोग पुन्हा उलटू नये म्हणून चालणाऱ्या सौम्य उपचारांचे, महिने सुरू झाल्यावर आम्ही गावी आलो; रोज झोपताना गोळी. ताप १००.४ झाला की घड्याळ न पाहता निघायचं. दाराशी पिशवी भरलेली, आणि शेजारचा रिक्षावाला हाकेच्या अंतरावर. अशा चार रात्री त्याने झोप मोडली. पैसे एकदाही घेतले नाहीत. मुलगा कामाला आहे त्या दुकानाचे मालक म्हणाले, “पोरीचं बघ, खुर्ची तुझीच आहे.” या दोन माणसांनी उपचार सुटू दिले नाहीत, असं मी मानतो.

घरात आणखी एक लेकरू होतं. सहा वर्षांचा थोरला आजीजवळ राहिला. एकदा फोनवर त्याने मला विचारलं, “आजोबा, मला ताप आला तर आई येईल?” मला उत्तर सुचलं नाही. पुढच्याच गाडीने सूनबाईला चार दिवसांसाठी गावी धाडलं आणि दवाखान्यात मी बसलो. निरोगी भावंडाचीही ही अडीच वर्षं असतात. अशा घरातल्या मुलाला आपल्या घरी जेवायला बोलवा, त्याची वही तपासा, त्याच्या गॅदरिंगला टाळ्या वाजवायला जा.

आणि रक्त द्या. रक्तातून काढलेल्या प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात. त्याहून जास्त साठवून ठेवता येत नाहीत. त्या रोज कुणीतरी द्याव्याच लागतात. आमच्या पोरीला ज्यांच्या प्लेटलेट मिळाल्या, त्यांपैकी एकाचंही नाव मला ठाऊक नाही.

गेल्या दिवाळीत तिची शेवटची गोळी झाली. तपासण्या अजून चालू आहेत, पुढेही राहतील. ती बालवाडीत जाते, चपला स्वतः घालते.

सभागृहाबाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. रक्तगट, फोन नंबर आणि रात्री गाडी देऊ शकाल का, एवढंच लिहायचं. पहिल्या ओळीवर आमच्या शेजारच्या रिक्षावाल्याने आधीच नाव लिहिलं आहे. बाकीची पानं कोरी आहेत. घरी जाण्यापूर्वी दोन मिनिटं तिथे थांबा, ही विनंती.