थराची साक्ष



पुरातत्त्वाचे पदवीधर झाल्याबद्दल तुमचे मनःपूर्वक अभिनंदन.

या शास्त्राची भारतातली वाटचाल आज आठवू या. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली आणि अशोकाचे लेख वाचता येऊ लागले. 1861 पासून अलेक्झांडर कनिंगहॅम चिनी यात्रेकरूंच्या वर्णनांवरून बौद्ध स्थळे शोधत गेले. ग्रंथ आधी, माती नंतर, असा तो काळ होता. हडप्पाची एक मुद्रा कनिंगहॅम यांच्या हाती आली, पण तिचे प्राचीनत्व त्यांना उमगले नाही. दयाराम साहनी आणि राखालदास बॅनर्जी यांच्या उत्खननांनंतर, 1924 मध्ये जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृती जगापुढे मांडली. ग्रंथांत जिचा मागमूस नव्हता, ती मातीने दाखवली.

पुढे मातीच्या थराला साक्षीदाराचा मान मिळाला. 1945 मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन करताना मॉर्टिमर व्हीलर यांना इटलीत घडवलेल्या तांबड्या भांड्यांची खापरे मिळाली. त्यांचा काळ ठाऊक होता. त्यामुळे त्याच थरातल्या देशी खापरांचाही काळ ठरला आणि तशी खापरे दक्षिणेत जिथे सापडली, तिथल्या वस्त्यांचा काळ ठरवायला आधार मिळाला. थराची नोंद नसती, तर ती नुसती फुटकी भांडी उरली असती.

आपल्याकडे महाराष्ट्रात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थर नोंदण्याची ही शिस्त गावोगावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर नेली. घोड नदीकाठच्या इनामगावात 1968 पासून अनेक हंगाम उत्खनन चालले. तिथे राजाचे नाव नाही, शिलालेख नाही. आहेत ती तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, चुली, जळालेले धान्य आणि घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवलेली त्यांची दगावलेली लेकरे. वरच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात. पडता काळ तिथे डोळ्यांना दिसतो. सामान्य माणसाला इतिहासात जागा देणे, ही या शास्त्राची सर्वांत मोठी कमाई आहे, असे मी मानतो.

मित्रांनो, प्रयोगशाळेतला प्रयोग पुन्हा करता येतो. खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून नोंद ज्या दिवसाची त्या दिवशीच करा. अहवाल रखडवू नका. अप्रसिद्ध उत्खनन म्हणजे पुरावा नष्ट करणेच. टेकाडाचा काही भाग न खणता राखा, कारण उद्याच्या संशोधकांकडे तुमच्याहून चांगली साधने असतील. आणि कोणाला गौरवशाली निष्कर्ष हवा आहे म्हणून थराच्या तोंडी नसलेले शब्द घालू नका. पुरावा अपुरा असेल तर तसे ठामपणे सांगा. त्या सांगण्यातच तुमच्या पदवीची प्रतिष्ठा आहे.