जुन्या सोबत्यांना पत्र



पत्रांच्या इतिहासात एक पत्र फार वेगळं आहे. १९७१ च्या डिसेंबरातलं. पूर्व पाकिस्तानात जमालपूरला ३१ बलुच ही पलटण ठाण मांडून होती. तिची माघारीची वाट आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीनं, म्हणजे जंगी पलटणीनं, अडवली होती. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी आतल्या कर्नल सुलतान यांना पत्र पाठवलं : शरण या. उत्तर आलं. त्या कागदासोबत बंदुकीची एक गोळी होती! १० तारखेच्या रात्री बलुच पलटण वेढा फोडायला निघाली आणि मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन धडकली. ११ ला जमालपूर पडलं.

त्या युद्धात लढलेले एक तात्या आमच्या जालना जिल्ह्यात, एका खेड्यात राहतात. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पलटणीत अचूक नेमबाज म्हणून त्यांचा लौकिक होता. आता सत्तरी कधीच ओलांडली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक अक्षर दिसत नाही, हात कापतो. म्हणून जुन्या सोबत्यांना ते पत्रं सांगतात आणि मी लिहितो. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड. नातू म्हणतो, आजोबा, फोन लावून देतो. तात्या म्हणतात, ‘‘फोनवर माणूस नुसतं ‘बरं आहे’ म्हणतो.’’

नेमबाजी म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. श्वास अर्धा सोडून रोखायचा. चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा. वारा कुठून येतो ते गवताला विचारायचं. पत्रही ते तसंच सांगतात. बराच वेळ गप्प, मग एकच वाक्य. २०१२ च्या दुष्काळात आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. तेव्हाचं त्यांचं कार्ड एवढंच होतं : ‘झाडं तोडली. सरपण झालं. तुझ्याकडं पाऊस कसा?’

गावातली पोरं १५ ऑगस्टला त्यांना विचारतात, ‘‘तात्या, किती टिपले?’’ तात्या उठून जातात. घरातही कधी बोलले नाहीत. पण साताऱ्याकडच्या एका सोबत्याला त्यांनी एकदा सांगितलं : ‘तळ्यावर पाणी भरायला आलेला तो पोरगा मला अजून दिसतो. तुला दिसतो का?’ माझा पेन थांबला. ते म्हणाले, ‘‘लिही भाई. त्याला ठाऊक आहे. तो माझ्या शेजारीच होता.’’

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मीच वाचून दाखवलं. ‘दिसतो. मीही कोणाला सांगितलं नाही.’ तात्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि खिशात ठेवलं. त्या रात्री झोप चांगली लागली, असं दुसऱ्या दिवशी म्हणाले.

पलटणीत असताना सैनिकाच्या पत्त्यात गावाचं नाव नसे. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि ५६ किंवा ९९ एपीओ. तेवढ्यावर घरचं पत्र बर्फात नाहीतर चिखलात त्याला बरोबर गाठायचं. आता तात्यांच्या वहीत गावं आहेत, तालुके आहेत, पिनकोडही आहेत. पण कार्डं परत येऊ लागली आहेत. त्यांवर पोस्टमननं एकच शब्द लिहिलेला असतो : ‘मयत’. बारा पत्ते होते, चार उरलेत. गेलेल्यांची नावं मात्र ते खोडू देत नाहीत. म्हणतात, ‘‘हजेरीत राहू दे.’’

शरणागतीच्या पत्राला गोळीनं उत्तर मिळालं, ते इतिहासात गेलं. तात्यांची कार्डं इतिहासात जाणार नाहीत. पण लढाई संपल्यावर माणूस आत किती वर्षं लढत राहतो, ते मला या कार्डांतूनच कळलं. ते ओझं हलकं करणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत.

मराठवाड्यात गावोगावी असे माजी सैनिक आहेत. त्यांना ‘किती टिपले’ म्हणून विचारू नका. ‘तुमचे सोबती कोण होते, आता कुठं असतात?’ एवढं विचारा. ते बोलू लागले तर ऐका. आणि हात कापत असेल, तर एक कार्ड लिहून द्या. अर्धा तास जातो. उत्तर आलं तर वाचून दाखवायलाही जा.